अक्षयनीवी आणि भांडवलाचे आयुष्य

आमच्या बहुतेक देवस्थानांच्या वार्षिक हिशेबात शाश्वत सेवेचे एक सदर असते. कोणा कुळाव्याने पन्नास-साठ वर्षांपूर्वी काही रक्कम देवाच्या चरणी ठेवलेली असते. ती रक्कम मोडावयाची नाही. तिच्या व्याजातून दरवर्षी अमुक तिथीस अभिषेक व्हावा, अथवा गर्भागारात नंदादीप तेवत राहावा, असा संकल्प त्या नोंदीपुढे लिहिलेला असतो. आज त्या व्याजात दिव्यापुरते तेलही येत नाही. मुद्दल एका पैशाने कमी झालेले नाही, व्याज बिनचूक जमा होते, दात्याचा शब्द मोडला असे कोणी म्हणू शकत नाही. आणि तरीही सेवा चालवावयाची तर देवस्थानाला इतर उत्पन्नातून भर घालावी लागते. मग त्या दात्याने ठेवलेले 'शाश्वत' गेले कोठे?

हा प्रश्न महाजनांच्या सभेपुरता दिसतो, पण त्याच्या पोटात फार मोठा प्रश्न दडलेला आहे. भांडवल स्वतःच्या बळावर दीर्घकाळ टिकू शकते काय, ह्याची चर्चा युरोपातील पंडितांनी दीडशे वर्षे चालविली आहे. मार्क्सने १८६७ साली आपल्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून भांडवलशाहीच्या मृत्यूची भाकिते होत आली. रोझा लुक्झेंबर्ग ह्या विदुषीने १९१३ साली असे मांडले की, भांडवलशाहीला जगण्यासाठी स्वतःबाहेरचा, अद्याप तिच्या चाकोरीत न आलेला मुलूख सतत लागतो; तो संपला की तिचा श्वास कोंडेल. केन्सने १९३० साली, ऐन मंदीत, अगदी उलट भाकीत केले. शंभर वर्षांत माणसाची पोटापाण्याची विवंचना मिटेल आणि आठवड्यास पंधरा तासांचे काम पुरेल, असे त्याला वाटत होते. ती मुदत २०३० साली संपते. वाचकांनी आपापल्या घरच्या तरुणांच्या कामाचे तास मोजून पाहावेत. शुम्पीटरने १९४२ साली सांगितले की भांडवलशाही टिकणार नाही, आणि ती अपयशाने मरण्याऐवजी आपल्या यशानेच खचेल. कारण ज्या निष्ठांवर आणि ज्या संस्थांवर ती उभी असते, त्यांनाच ती पोखरीत जाते. ह्या सर्वांना पुरून ती अजून उभी आहे. तेव्हा आणखी एक भाकीत करण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. मुद्दल कायम राखून व्याजावर जगण्याचा जो प्रयोग मनुष्याने वारंवार केला, तो कोठे कसा टिकला आणि कशाने मोडला, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

त्या प्रयोगाचा एक अतिशय जुना आणि स्वच्छ दाखला आपल्याच मुलखात दगडावर कोरलेला आहे. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. त्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचा जावई उषवदात ह्याचे लेख आहेत. त्यांतला एक लेख आजच्या कोणत्याही विश्वस्ताने मुद्दाम वाचावा असा आहे. बहुतेक संशोधक त्याचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा आरंभ मानतात. उषवदाताने हे लेणे चारही दिशांच्या भिक्षुसंघास दिले आणि त्यासोबत तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी दिली. नीवी म्हणजे मुद्दल. ही रक्कम त्याने संघाच्या पेटीत ठेवली नाही. गोवर्धन येथे राहणाऱ्या विणकरांच्या श्रेणींकडे ती गुंतविली: दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक ह्या दराने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा दरशेकडा पाऊण ह्या दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ वृद्धीचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट लेखात स्पष्ट घातली आहे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. आम्ही हा हिशेब पडताळून पाहिला. वीस भिक्षूंचे प्रत्येकी बारा म्हणजे दोनशे चाळीस. आणि दोन हजारांवर दरमहा शेकडा एकप्रमाणे वर्षाचे व्याजही नेमके दोनशे चाळीसच होते. एक कार्षापण इकडेतिकडे नाही. पुढे लेख म्हणतो की हे सर्व निगमसभेत ऐकविले गेले आणि फलकावर रीतसर नोंदविले गेले.

ह्या लेखात आम्हांला तीन-चार गोष्टी लक्षात घेण्याजोग्या वाटतात, पण एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. त्यात व्याज हे कापडातून येते आणि कापडातच संपते. विणकर त्या पैशाचे सूत घेतो, माग घालतो, लुगडी-धोतरे विकतो. पुढच्या वर्षी पुन्हा कापूस पिकतो, पुन्हा हात चालतात. त्या वर्षाच्या कमाईचा एक वाटा भिक्षूच्या अंगावर चीवर होऊन चढतो आणि झिजून जातो. व्याज मुद्दलात मिळवून पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा व्याज घ्यावे, अशी कल्पना ह्या व्यवस्थेत मुळीच नाही. म्हणूनच बारा टक्के हा दर, जो आज आपल्याला जबर वाटेल, तो त्या श्रेणीला पेलत असावा.

आता समजा, ते व्याज कोणी खर्चलेच नसते आणि दरसाल मुद्दलात घातले असते, तर काय झाले असते? बारा टक्के सोडून द्या. वर्षास अवघा एक टक्का धरू. एका कार्षापणाचे एकोणीसशे वर्षांत सोळा कोटींहून अधिक कार्षापण झाले असते. दोन टक्के धरले तर दोनावर सोळा शून्ये लिहावी लागतील. नहपानाचे रुप्याचे नाणे सुमारे दोन ग्रॅम वजनाचे असे. त्या हिशेबाने जितकी चांदी लागेल तितकी मनुष्याने पृथ्वीच्या पोटातून आजवर काढलेली नाही. असलाच हिशेब रिचर्ड प्राइस ह्या वेल्श धर्मोपदेशकाने १७७२ साली केला होता. येशूच्या जन्मावेळी पाच टक्के चक्रवाढीने लावलेल्या एका पेनीचे त्याच्या काळापर्यंत पंधरा कोटी पृथ्वींएवढे भरीव सोने झाले असते, असे त्याला आढळले. गंमत अशी की बिचाऱ्या प्राइसला ह्यात धोका दिसला नाही. राष्ट्रीय कर्ज फेडण्याचा हा सोपा उपाय आहे, असे त्याला वाटले! पैसा व्याजाने लावणे ही गोष्ट मनुष्याइतकीच जुनी आहे. तिला आम्ही भांडवलशाही म्हणत नाही. व्याज पुन्हा मुद्दलात गेलेच पाहिजे, आणि जो ते घालणार नाही तो बाजारातून उठेल, असा जेथे नियम होतो, तेथे भांडवलशाही सुरू होते. एखाद्या देशाचा व्यापार-उदीम वर्षास तीन टक्क्यांनी वाढला नाही तर मंत्री चिंतातुर होतात. आणि तीन टक्क्यांनी वाढणारी गोष्ट चोवीस वर्षांच्या आत दुप्पट होते.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांना ह्या दुपटीचे भय ठाऊक होते. व्याज साचून मुद्दलाच्या बरोबरीचे झाले की त्यापुढे ते एकाच वेळी मागता येत नाही, हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे, आणि इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो मान्यही केला. पण १८५५ साली सरकारने व्याजाच्या दरावरचे जुने कायदेशीर निर्बंध उठविले. आणि दामदुपट राहिली तरी तिला बगल देण्याची युक्ती सावकाराजवळ होतीच. दर दोन-तीन वर्षांनी तो जुना रोखा फाडून नवा लिहून घेई. थकलेले व्याज त्या नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढे, आणि दामदुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात कापसाचे भाव भडकले तेव्हा हे कोणाला जाणवले नाही. युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्या पडझडीत मुंबईच्या शेअरबाजारात रातोरात उभ्या राहिलेल्या कंपन्या जशा बुडाल्या, तसाच दख्खनचा कुणबीही बुडाला. त्यातच नव्या पाहणीने सारा वाढविला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. हा उठाव पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्यात विशेष हे की माणसांना इजा करण्यापेक्षा कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर लोकांचा भर होता. त्यांना कळले होते की आपले वैर माणसाशी कमी आणि कागदाशी जास्त आहे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ किती दिले आणि किती फेडले हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. म्हणजे मुद्दल कोणते आणि व्याज कोणते, हे ओळखण्याचे काम बाजाराला जमले नाही आणि ते शेवटी कायद्याला करावे लागले.

येथे भांडवलशाहीचे समर्थक म्हणतील की हे सर्व सावकारीचे दोष आहेत. कारखानदारीने खरी संपत्ती निर्माण केली, यंत्राने एका विणकराचे हात शंभरपट केले, आणि ज्ञान वाढेल तशी संपत्ती वाढत राहील. ह्यात खोटे काही नाही. आमचे आजोबा ज्या रोगांनी मेले त्यांतले कित्येक आता औषधाच्या एका पुडीने बरे होतात, हे आम्ही विसरत नाही. तथापि त्या यंत्राच्या पोटी जो कोळसा जळला तो दरसालचे पीक नव्हता. कपाशीचे बोंड काढले तर पुढल्या हंगामात पुन्हा बोंड येते. कोळशाचा खडा काढला की तेथे खळगा राहतो. दोन्हींपासून आलेला पैसा वहीत मात्र एकाच बाजूस, एकाच शाईने, उत्पन्न म्हणून लिहिला जातो.

भांडवलाच्या जगात दीर्घकाळ टिकलेला कागद शोधू गेले असता आम्हांला तो एका बांधावर सापडला. हॉलंडमध्ये लेक नदीच्या काठी बंधाऱ्यांची देखभाल करणारे एक मंडळ होते. त्याने १५ मे १६४८ रोजी एक हजार गिल्डर कर्ज काढले, आणि कागदाऐवजी चामड्यावर रोखा लिहून दिला. मुद्दल फेडावयाचे नाही, व्याज सदैव द्यावयाचे, अशी त्याची अट. दर आरंभी पाच टक्के होता, पुढे साडेतीन आणि मग अडीच झाला. ते मंडळ आज दुसऱ्या मोठ्या मंडळात विलीन झाले आहे, आणि रोखा अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. २०१५ साली ग्रंथालयाने बारा वर्षांचे थकलेले व्याज मागितले, तेव्हा मंडळाने १३६ युरो २० सेंट निमूटपणे मोजून दिले. ह्याच काळात त्याच देशातील ईस्ट इंडिया कंपनी जगातील सर्वांत बलाढ्य व्यापारी संस्था होती. तिची वखार आपल्या वेंगुर्ल्यास होती, तिच्या आरमाराने गोव्याच्या बंदराची अनेक वर्षे नाकेबंदी केली होती, आणि मसाल्यांसाठी तिने बेटेच्या बेटे उजाड केली. ती १६०२ साली जन्मली आणि १७९९ अखेर कर्जात बुडून संपली. बांधाचे मंडळ उरले, कारण बांध फुटला तर व्याज देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचेही घर पाण्यात जाणार होते.

पण त्या रोख्याचेही दुखणे आपल्या शाश्वत सेवेचेच आहे. एक हजार गिल्डरांत तेव्हा बांधाचे मोठे काम झाले. आज वर्षाचे व्याज सुमारे अकरा युरो, म्हणजे एका माणसाच्या साध्या जेवणाचे. पैशाचे मुद्दल अक्षय राहते, त्याची खरेदीशक्ती राहत नाही. जी देवस्थाने शहाणपणाने व्याजातला काही वाटा दरवर्षी मुद्दलात परत घालतात, तीच ह्यातून तरतात. येथे वाचक आम्हांला अडवतील की, मघा तुम्हीच चक्रवाढीला दोष दिला होता. तर झीज भरून काढणे निराळे आणि वाढ हाव म्हणून करणे निराळे, एवढेच आमचे म्हणणे आहे. बांधावर दरवर्षी माती टाकतात ती त्याला डोंगर करण्यासाठी टाकीत नाहीत.

बांध म्हटला की गोमंतकीय वाचकांस खाजणाची आठवण व्हावी. मांडवी-जुवारीच्या काठची ही भातशेती भरतीच्या पातळीहून खाली आहे. खारे पाणी बाहेर ठेवण्यास बांध, आणि पाण्याची आवकजावक राखण्यास मानस, ह्या दोहोंवर ती शेकडो वर्षे उभी आहे. तिची मालकी एका शेतकऱ्याची नव्हती. ती गावकारीची होती. गावकारी ही संस्था पोर्तुगिजांच्या पूर्वीची. अफोंसो मेशिया ह्या अधिकाऱ्याने १५२६ साली तिसवाडीच्या गावांच्या रूढी सनदेत नोंदविल्या, तेव्हा ती जुनीच होती. शेतांची ठराविक मुदतीने पावणी व्हावयाची, म्हणजे चढाओढीने लिलाव. जो अधिक बोली करील त्याने कसावे. येथवर हे बाजारासारखेच आहे. परंतु आलेल्या उत्पन्नातून प्रथम सरकारी सारा, गावच्या सेवेकऱ्यांचा व देवाचा खर्च, बांधाची डागडुजी. आणि हे सर्व होऊन उरेल ते जोण म्हणून गावकारांत वाटावयाचे. नफा सर्वांत शेवटी. आधुनिक कंपनीच्या हिशेबात झीज नावाचे एक सदर असते आणि ते कागदावर भरले की काम झाले. गावकारीच्या हिशेबात ती झीज प्रत्यक्ष चिखलाच्या टोपल्यांनी भरली जाई.

ही व्यवस्था आम्ही आदर्श म्हणून पुढे करीत नाही. तिच्यात गावकाराचा वंशज गावकार होई, आणि ज्याने चिखल वाहिला तो बहुधा जोणीच्या यादीत नसे. तिच्यावर आघात झाले ते सर्व भांडवलाचेही नव्हते. १५६० च्या दशकात सासष्टीतील देवळे पाडली गेली, मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून अंत्रुजात आल्या, आणि मागे राहिलेल्या देवालयांच्या जमिनींचे उत्पन्न दुसऱ्या धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. देव हलविता येतो, जमीन हलविता येत नाही, हे आमच्या पूर्वजांना तेव्हा उमगले. पुढे १९६४ च्या कूळकायद्याने कसणाऱ्यास संरक्षण दिले, ते न्याय्यच होते. पण बांधाची जबाबदारी गावकारीकडून सुटून कुळांच्या संघांकडे गेली आणि कित्येक ठिकाणी ती कोणाचीच राहिली नाही. जो बांध सर्वांचा म्हणून राखला जाई तो फुटला, आणि शेतात खारे पाणी आले.

ह्याच गोव्यात, ह्याच नद्यांवर, मुद्दल उत्पन्न म्हणून खाण्याचा प्रयोग आम्ही आपल्या डोळ्यांनी पाहिला. पोर्तुगीज अमलात १९०६ च्या खाण कायद्याखाली दिलेले परवाने मुदतीचे नव्हते. ते कायमचे होते. उषवदाताची अक्षयनीवी आणि हे अक्षय परवाने ह्यांत शब्द एकच असला तरी अर्थ उलटा आहे. तेथे मुद्दलाला कोणी हात लावू नये म्हणून 'अक्षय', येथे मुद्दलाला हात लावण्याचा हक्क कधी संपू नये म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्यात सुरू झाली, आणि १९५० नंतर जपानच्या पोलाद कारखान्यांनी ती वाढविली. गोवा १९६१ साली मुक्त झाला, पण हे परवाने रद्द करून त्यांचे मुदतीचे खाणपट्टे करणारा कायदा १९८७ साली आला. पुढे चीनची मागणी इतकी चढली की २०१०-११ ह्या एका वर्षात गोव्यातून चार कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. डिचोली, सत्तरी, सांगे ह्या तालुक्यांतून मालमोटारींची रांग तुटत नसे. पावसाळ्यात टाकाऊ मातीचे डोंगर वाहून ओहोळांत आणि शेतांत उतरत. श्री लईराईच्या शिरगावात खाणींचे खड्डे विहिरींच्या पाण्याहून खोल गेले, आणि विहिरी-झरे आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली.

ह्या पैशाने केवळ मूठभरांची घरे भरली असे म्हणणे अपुरे होईल. हजारो मालमोटारवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, खाणावळवाले त्यावर जगले. आणि आम्ही देवळांशी संबंधित माणसांनी तर हे स्पष्टच बोलले पाहिजे की सभामंडपांच्या फरश्या, यात्रीनिवास, शाळा व वाचनालये ह्यांना त्या पैशातून सढळ हाताने देणग्या मिळाल्या. आम्ही त्या घेतल्या आणि देणाऱ्यांची नावे संगमरवरावर कोरली. देणाऱ्याची भक्ती खरी होती. पण ज्या रकमेच्या व्याजातून आज काही ठिकाणी शाश्वत पूजा होते, ती रक्कम एका डोंगराचे मुद्दल होती, हे त्या संगमरवरावर लिहिलेले नाही. त्या डोंगराखालच्या गावाला ती पूजा अंशतः आपल्या विहिरीच्या पाण्याने पडली.

शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. त्याच महिन्यात राज्य सरकारने खाणी थांबविल्या, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर स्थगिती आणली. न्यायालयाचा निकाल २१ एप्रिल २०१४ रोजी लागला. सर्व खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, म्हणून त्यानंतरचे उत्खनन बेकायदा, असे न्यायालयाने ठरविले. उत्खननावर वर्षास दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खनिजाच्या विक्रीच्या रकमेतील दहा टक्के एका शाश्वत निधीत टाकावेत, असा आदेश दिला. पुढल्या पिढ्यांचा ह्या धनात वाटा आहे, ही त्यामागची भूमिका. सरकारने नूतनीकरण केलेले ८८ खाणपट्टे न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द ठरविले आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा थांबल्या.

नाशिकच्या त्या लेण्यापासून दिल्लीच्या ह्या न्यायासनापर्यंत एकोणीसशे वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हीकडची बुद्धी एकच आहे. आम्हांला हे लक्षणीय वाटते की ही बुद्धी दोन्ही वेळा बाजाराबाहेरून आली: एकदा दानातून, एकदा न्यायालयातून. १८७५ च्या पुढची सुधारणाही कायद्याकडून आली, आणि हॉलंडचा बांध गावाच्या भयाने राखला गेला. म्हणून भांडवलशाही टिकेल काय ह्या प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच आहे की आजवर ती आपल्या स्वतःच्या नियमाने टिकलेली नाही. मुद्दल कोठे संपते आणि व्याज कोठे सुरू होते, हे तिला सांगणारा कोणी तरी दुसरा होता, म्हणून ती टिकली; आणि त्या दुसऱ्याला विकत घेण्याचा अथवा हाकलून देण्याचा प्रयत्न तिने वारंवार केला आहे. शुम्पीटरला हेच दिसले असावे.

शाश्वत निधी नीट चालला तर काय होऊ शकते हे नॉर्वेने दाखविले. तेलासाठी तेथे १९९० साली कायदा झाला, १९९६ साली पहिली रक्कम निधीत पडली. तेलापासून सरकारला मिळणारे जवळजवळ सर्व निव्वळ उत्पन्न त्या निधीत जाते, आणि एका वर्षात निधीच्या सुमारे तीन टक्क्यांहून अधिक खर्चावयाचे नाही असा दंडक आहे. आपल्याकडे निधीत पडतो तो विक्रीचा दहावा हिस्सा. खनिजाचे स्वामित्वशुल्क राज्याच्या अंदाजपत्रकात अजूनही महसुली जमेच्या बाजूस, करांच्या आणि दंडांच्या शेजारी मांडले जाते आणि त्याच वर्षी पगारांत व रस्त्यांत संपते. रस्ते वाईट नाहीत. पण पुढल्या वर्षीच्या रस्त्यासाठी पुढल्या वर्षी आणखी एक डोंगर लागतो.

डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, आणि पहिला पट्टा डिचोलीचाच होता. नव्या कायद्याप्रमाणे तो पन्नास वर्षांसाठी दिला जातो. खाजणातील शेताची पावणी होई तेव्हा मुदत संपताच शेत, बांध आणि मानस ह्यांसह गावाकडे परत येत असे, आणि नवी पावणी करण्यापूर्वी गावकार बांधावरून फिरून तो कोठे खचला आहे ते पाहत. डिचोलीच्या पट्ट्याची मुदत २०७० नंतर केव्हा तरी संपेल.